मेहकरचा रस्ता खराब आहे

आप्पा शेवाळे आमच्या घरी रोज येत, पण बसलेले मी त्यांना क्वचितच पाहिले. दारातून खिडकीपर्यंत, खिडकीतून बाहेर एक नजर, तिथून परत दारापर्यंत, असं त्यांचं येणं असे. हातातल्या बशीत चहा हिंदकळत असे आणि त्यांचं बोलणं कधी खिडकीपाशी तर कधी दारापाशी ऐकू येई. माझी मुलगी लहान असताना त्यांना 'चालणारे आप्पा' म्हणायची. त्यांना ते समजलं तेव्हा ते खूश झाले आणि तिला विचारलं, "मग तू कधी निघणार?"

हा त्यांचा आवडता प्रश्न होता. कुणी गावाला जायचं म्हटलं की कशासाठी, किती दिवस, कोण आजारी आहे, यातलं काही त्यांना नको असे. निघणार कधी आणि कुठल्या रस्त्यानं, एवढं सांगितलं की झालं. सोलापूरला माझे मामेसासरे वारले तेव्हा आप्पा भेटायला आले, मान खाली घालून उभे राहिले. मग हळूच सुधीरला म्हणाले, "शिर्डीवरून जाताय की संगमनेरवरून?" सुधीर म्हणजे माझा नवरा. त्या दुःखातही त्याला हसू आवरेना, म्हणून तो आत निघून गेला.

आप्पा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तरी कुठे लांब जायचं ठरलं आणि मी नकाशा काढला की माझ्या मागे कुणीतरी येरझाऱ्या घालतंय असं वाटतं.

नव्वदच्या सुमारास आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहायला गेलो तेव्हा ती वसाहत नवी होती. घरं ओळीनं, भिंतीला भिंत लागून. मुंबई-आग्रा रस्ता इतका जवळ की खिडकी उघडी असली तर ट्रकचे आवाज घरात. आम्हाला त्याचा त्रास व्हायचा आणि आप्पांना तेच हवं असायचं. बोलता बोलता ते कान टवकारत आणि म्हणत, "हा रिकामा चाललाय." ते सातपूरच्या एका कारखान्यात डिस्पॅचचे सुपरवायझर होते. तयार माल ट्रकमध्ये चढवायचा आणि देशभर रवाना करायचा, हे त्यांचं काम. दिवसभर ट्रक रवाना करायचे आणि संध्याकाळी घरी आले की शेजारीपाजारी रवाना करायचे.

ते मूळचे सटाण्याकडचे. शहरात सगळ्यांशी आमच्यासारखंच बोलत; गावाकडचा कुणी आला की मात्र एकदम अहिराणीत शिरत आणि आवाजही वेगळाच व्हायचा, मऊ. मी त्यांना एकदा म्हटलंही, "आप्पा, तुम्ही आमच्याशी असं का नाही बोलत?" ते म्हणाले, "तुमच्याशी कामाचं बोलतो."

सुधीरनं त्याच्या साहेबांची जुनी फियाट घेतली आणि आप्पांना आमच्या घरात नवंच काम मिळालं. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला नणंदेकडे गाडीनं जायचं, असं आम्ही नुसतं बोललो होतो. दुसऱ्या दिवशी आप्पांचा बेत तयार. पहिला दिवस मालेगाव, धुळं, जळगाव, अकोला. अकोल्याला मुक्काम. दुसरा दिवस अमरावतीवरून नागपूर. नाशिकच्या हद्दीत कुणी काही खायचं नाही. पहिला चहा मालेगावच्या पुढे. "एकदा थांबलं की पाय जड होतात," ते म्हणायचे, "आणि बायका एकदा उतरल्या की त्यांना आठवायला लागतं, काय काय राहिलं ते."

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी आमची रंगीत तालीम घेतली. खरोखर घेतली. सगळं सामान डिकीत ठेवायला लावलं, आम्हा तिघांना आपापल्या जागेवर बसवलं आणि दारं लावून घेतली. गाडी दारातच उभी. आप्पांनी बॉनेटवर थाप मारली.

"चला, धुळं आलं. मुलीला तहान लागली. पाणी कुणाजवळ?"

पाणी डिकीत होतं.

"उतरा," आप्पा म्हणाले.

आम्ही उतरलो, पाणी काढलं, परत बसलो. पुन्हा थाप. "अकोला आलं. लॉजवर न्यायची पिशवी कोणती?" ती पिशवी सगळ्यांत खाली होती. पुन्हा उतरा. तोपर्यंत समोरच्या गॅलरीत माणसं जमली होती. मी लाजेनं लाल झाले होते आणि मुलगी मात्र म्हणत होती, "आप्पा, आता नागपूर आणा ना."

त्या तालमीतच मी त्यांना विचारलं होतं, "आप्पा, नकाशात तर औरंगाबाद, जालना, मेहकर असा सरळ रस्ता दिसतोय. मग आपण वरून कशाला जायचं?"

आप्पा गाडीभोवती फिरत होते ते थांबले. "मेहकरचा रस्ता खराब आहे."

"किती खराब?"

"खराब म्हणजे खराब, वहिनी. तुम्ही त्याचं नाव काढू नका."

मी काढलं नाही. कुणीच काढत नसे. आमच्या वसाहतीतून कुणी विदर्भात निघालं की अकोल्यावरूनच जायचं, हा नियमच होऊन बसला. कारखान्याचे ट्रकही तसेच जायचे. दहा-बारा वर्षं आमच्यापैकी कुणी मेहकर पाहिलं नाही आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्या माणसाला कुठल्या गावच्या पुढे कुठला पूल अरुंद आहे हे माहीत असायचं, त्यानं रस्ता खराब म्हटल्यावर शंका कोण घेणार?

शंका आली ती रफिकभाईंमुळे. रफिकभाई मालेगावचे, नाशिकच्या द्वारका चौकाजवळ त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस. आप्पांच्या कारखान्याचा बराचसा माल त्यांच्याच ट्रकमधून जायचा आणि दोघांची चांगली दोस्तीही होती. एका पावसाळ्यात जळगावच्या पुढे पुलावरून पाणी गेलं, गाड्यांची रांग लागली. रफिकभाईंच्या ड्रायव्हरनं स्वतःच्या डोक्यानं गाडी मागे वळवली, जालना-मेहकर करत नागपुरात माल उतरवला. बाकीचे ट्रक अजून रांगेत असताना हा रिकामा होऊन परतीला लागला होता. रफिकभाई संध्याकाळी पेढे घेऊनच आप्पांकडे आले. आम्ही दोघं तेव्हा त्यांच्या फाटकाशीच बोलत उभे होतो.

"आप्पा, मेहकरचा रोड तो एकदम मख्खन है," रफिकभाई म्हणाले. "पोरगा सांगतो, एका हातानं गाडी चालवली. उगाच आपण इतकी वर्षं वरून जातो."

आप्पांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "कुणाला विचारून नेली त्यानं तिकडून?"

"अरे, माल पोचला ना."

"माल कारखान्याचा आहे, रफिकभाई. तुमच्या पोराचा नाही. मी रस्ता लिहून देतो तो कशासाठी?"

पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. आप्पांनी फाटक लावून घेतलं. पुढचे कित्येक दिवस त्यांनी रफिकभाईंना माल दिला नाही. रफिकभाई बिचारे सुधीरला म्हणाले, "साहेब, रोडमध्ये काय नाय. आप्पांच्या दिलमध्ये खड्डा हाय."

मग मी कुसुमवहिनींना सरळच विचारलं. आप्पांची बायको म्हणजे आप्पांच्या अगदी उलट. एका जागी बसली की तासभर हलायची नाही आणि बोलायचीही नाही. पण त्या दिवशी बोलल्या.

मेहकरला आप्पांची थोरली बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा या आक्कांनीच आप्पांना वाढवलं, कडेवर घेऊन शाळेत पोचवलं. पुढे त्या लग्न होऊन लांब मेहकरला गेल्या. दाजींची रस्त्याला लागूनच पिठाची गिरणी, मागे घर. माहेर इतकं दूर की वर्षानुवर्षं तिकडचं कुणी फिरकायचं नाही. आम्ही इंदिरानगरला आलो त्याच्या आदल्या एक-दोन वर्षांतली गोष्ट. कुसुमवहिनींच्या आईवडिलांना घेऊन आप्पा भाड्याच्या जीपनं नागपूर-रामटेकला निघाले होते. आक्कांना आधी कार्ड टाकलं होतं: दुपारी येतो, चहा घेऊन पुढे निघू.

"जालन्याच्या अलीकडे दोनदा पंक्चर झालं," कुसुमवहिनी सांगत होत्या. "यांचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. सारखं घड्याळ बघायचे. मेहकर जवळ आलं तसं म्हणाले, परतताना थांबू. मी म्हटलं, अहो, पाच मिनिटं तरी. तर म्हणाले, बायकांची पाच मिनिटं मला माहीत आहेत."

आक्का गिरणीसमोर रस्त्यावर उभ्या होत्या. ठेवणीतलं लुगडं नेसून. बरोबर सासू, जावा, गल्लीतल्या बायका. सगळ्यांना सांगितलं होतं, माझा भाऊ येतोय. जीप दिसल्यावर त्यांनी हात वर केला. आप्पांनी खिडकीतून हात हलवला, "परतताना येतो," असं ओरडले, आणि जीप गेली.

"त्यांना वाटलं, पुढे जाऊन थांबेल," वहिनी म्हणाल्या. "म्हणून त्या जीपच्या मागे पळाल्या. मी मागे बसले होते, मला दिसत होतं. बऱ्याच लांबपर्यंत पळाल्या हो."

परतताना आप्पा थांबले. साडी घेतली होती, संत्र्यांची करंडी होती. आक्का दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आते ह्या वाटवर येऊ नको भाऊ. तुले उशीर व्हई." या वाटेनं येऊ नकोस, तुला उशीर होईल. एवढंच बोलून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

"दरवर्षी भाऊबीजेला सांगते, जाऊन पाया पडा, मोठी आहे ती, विरघळेल," कुसुमवहिनी म्हणाल्या. "हे म्हणतात, तिनंच येऊ नको म्हटलंय. त्याच वर्षापासून सुरू झालं यांचं, मेहकरचा रस्ता खराब."

मला आप्पांचा मनस्वी राग आला. सगळ्या महाराष्ट्राचे रस्ते तोंडपाठ असलेला हा माणूस, आणि बहिणीच्या दाराचा रस्ता तेवढा पुसून बसला होता. वर आम्हा सगळ्यांना, ट्रक ड्रायव्हरांना, फियाटीत कोंबलेल्या पोरीबाळींनासुद्धा त्या वळशानं फिरवत होता. पण रागावून मी काय करणार? संध्याकाळी ते आले, खिडकीशी गेले, म्हणाले, "घोटीच्या बाजूला काम काढलंय, मुंबईला जायचं तर दुपार टाळा." मी चहा ठेवला.

दोन हजार साल उलटल्यावर कारखान्यानं डिस्पॅचचं काम बाहेरच्या लोकांना दिलं आणि आप्पांना स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागली. त्यांनी एक जुनी मारुती व्हॅन घेतली. ते दिवस फार वाईट गेले. सकाळी उठून हमरस्त्यापर्यंत चालत जायचे, ट्रक बघत उभे राहायचे, परत यायचे. पुन्हा जायचे. वेंगुर्ल्यापासून गोंदियापर्यंत त्यांनी स्वतःसाठी किती सहली आखल्या असतील, एकीलाही निघाले नाहीत. शिवाय व्हॅन त्यांनी चालवू नये, असं कुसुमवहिनींनी बजावलं होतं, कारण चालवायला बसले की रस्ता बघायचा सोडून ते रस्त्याबद्दल बोलत. त्यामुळे व्हॅन दारात उभी आणि आप्पा तिच्याभोवती फिरताहेत, हे चित्र आम्हाला रोजचं झालं.

तशात एका रविवारी मेहकरहून फोन आला. मी वहिनींकडे विरजण मागायला गेले होते. फोन आप्पांनीच घेतला. आक्कांची धाकटी मुलगी वर्षा बोलत होती, आणि तिचा आवाज इतका खणखणीत की आम्हालाही ऐकू येत होतं. तिचं लग्न ठरलं होतं. मुलाकडचे चंद्रपूरचे, लग्न तिथेच, संध्याकाळी गोरज मुहूर्तावर.

"मामा, मुलीला मांडवात मामानं न्यायचं असतं," ती म्हणाली. "मला एकच मामा आहे. येणार का नाही ते सांगा."

"तू आईला विचारून फोन केलास का?" आप्पांनी विचारलं.

"आई इथंच बसलीय."

आप्पा वाट बघत राहिले. पलीकडून आक्का काही बोलल्या नाहीत. शेवटी आप्पा "येतो" म्हणाले आणि फोन ठेवला. आमच्याकडे वळून म्हणाले, "चंद्रपूर. दोन दिवस."

मग सुरू झालं. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, गाडी सुधीरनं चालवायची, मीही बरोबर यायचं. आप्पांचा पहिला बेत अकोल्याला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी यवतमाळवरून थेट चंद्रपूर, थेट मांडवात. मेहकरला न शिवता. कुसुमवहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी मेहकरवरूनच येणार. तुम्ही या अकोल्यावरून. मी एसटीनं जाते." त्यांच्या संसारात त्या पहिल्यांदाच असं काही बोलल्या असाव्यात, कारण आप्पा सरळ आमच्याकडे निघून आले आणि किती तरी वेळ खिडकीपासून हललेच नाहीत.

त्यानंतर बेत रोज बदलू लागला. आज मुक्काम वाशीमला, उद्या कारंज्याला, परवा पुन्हा अकोल्याला. वर्तुळ काढावं तसे ते मेहकरच्या भोवतीनं सगळीकडे राहून येत होते. सुधीर वैतागून म्हणाला, "आप्पा, मी आपला ड्रायव्हर. मला सकाळी सांगा, सरळ की उजवीकडे."

एका संध्याकाळी मी एकटीच होते तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, तिनं दार लावून घेतलं तर? सगळ्या वऱ्हाडासमोर?"

"तर बाहेर उभे राहा," मी म्हटलं. "दार कधीतरी उघडेलच ना."

माझ्या जिभेला हाडच नाही. आप्पांनी बशी खाली ठेवली आणि गेले. त्यांचं वय झालंय हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

भल्या पहाटे निघालो. गोदावरी ओलांडून औरंगाबाद नाक्यापाशी आलो तेव्हा सुधीरनं गाडी हळू केली. उजवीकडे वळलं की मेहकर, सरळ गेलं की धुळं. त्यानं आप्पांकडे पाहिलं.

"सरळ," आप्पा म्हणाले.

कुसुमवहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यांनी एसटीनं जायचं काढलं नाही, भांडल्या नाहीत. आडगाव गेलं, ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. आप्पा पुढच्या सीटवर एकसारखे हलत होते. काच वर, काच खाली. चांदवडला आलो आणि ते एकदम म्हणाले, "थांबवा."

मालेगावच्या अलीकडे चहा नाही, हा त्यांचा स्वतःचा कायदा. सुधीरनं गाडी बाजूला घेतली. आप्पा उतरले, चहाच्या टपरीपर्यंत गेले, चहा न घेता परत आले. पुन्हा गेले. टपरीवाला त्यांच्याकडे संशयानं पाहू लागला. मग ते गाडीत येऊन बसले आणि समोर बघत म्हणाले, "मनमाडवरून घ्या. येवल्याला औरंगाबादचा रस्ता लागेल."

कुसुमवहिनींनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला आणि सगळ्यांच्या हातावर चिवडा ठेवला. पहिल्यांदा आप्पांच्या.

जालना सोडल्यावर मी खड्डे शोधायला लागले. रस्ता आपला बरा होता. धुळ्याच्या वाटेवर असतात तेवढे खड्डे इथेही होते, जास्त नाही. सुधीर म्हणाला, "आप्पा, रस्ता सुधारलेला दिसतोय." आप्पा म्हणाले, "सुधारला असेल आता." मी मागे बसून हसू दाबलं, पण वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुपार कलताना मेहकर आलं. गिरणी बंद होती, दारात मांडव होता, रस्त्यापर्यंत मुलं खेळत होती. आक्का बाहेर आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, गुडघे धरून चालणाऱ्या. दार लावलं नाही. कुसुमवहिनींना जवळ घेतलं, माझ्या गालावरून हात फिरवला. आप्पा वाकले, आक्कांनी पाय पुढे केले. "हातपाय धुई ल्या," म्हणाल्या, जसं कुठल्याही पाहुण्याला म्हणतात तसं.

संध्याकाळभर त्यांनी माझी चौकशी केली, माझ्या मुलीची केली, सुधीरला झोपायला कुठे बरं वाटेल ते विचारलं. आप्पांना काही विचारलं नाही. जेवताना सगळ्यांच्या ताटात आग्रहानं वाढलं. आप्पांच्या ताटात वाढलं, पण आग्रह केला नाही. आपल्याकडे आग्रहाशिवाय वाढणं म्हणजे काय, हे ज्याच्या ताटात पडतं त्यालाच कळतं. आप्पा चटकन जेवून उठले आणि बाहेर रस्त्यावर फेऱ्या मारत राहिले.

सकाळी वऱ्हाड निघालं. दाजी आणि पुरुषमंडळी जीपनं आधीच पुढे गेली होती. बसमध्ये बायका, मुलं, रुखवत. नवरीला बसचे धक्के नकोत म्हणून आक्का म्हणाल्या, वर्षा मामाच्या गाडीतून जाऊ दे. त्या स्वतः बसमध्ये बसल्या. आम्ही बसच्या मागे. कारंज्याला बस चहाला थांबली. बायका उतरल्या, कुणाचं मूल रडत होतं, कुणाची चप्पल सापडत नव्हती. आप्पांची घालमेल सुरू झाली. "असं चाललं तर रात्र होईल," ते म्हणाले. "आपण पुढे होऊ. नवरी वेळेत पोचली म्हणजे झालं." आम्ही निघालो तेव्हा आक्का नळावर एका पोराचं तोंड धूत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं.

आम्ही अगदी वेळेत पोचलो. बस आली नाही. वर्षाला नटवून झालं, हॉल भरायला लागला, सनईची कॅसेट दोनदा संपली, तरी बस नाही. मग मुलाकडच्या कुणाच्या तरी मोबाइलवर निरोप आला. वणीच्या अलीकडे बस बंद पडली होती. मेकॅनिक आलाय, बायका झाडाखाली बसल्या आहेत.

कुसुमवहिनी आप्पांजवळ जाऊन हळू म्हणाल्या, "परत तेच केलंत."

आप्पा तडक दाराकडे वळले. ते व्हॅनमध्ये बसायलाच निघाले होते, पण दाजींनी अडवलं, मुलीच्या मामानं इथे हवं म्हणून. सुधीर एकटाच व्हॅन घेऊन आक्कांना आणायला गेला.

ऊन उतरलं. भटजींनी माइकवरून पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे. आप्पा खोलीच्या दारात वर्षाचा हात धरून उभे होते. हलले नाहीत. पुन्हा पुकारा झाला. लोकांनी मुठीत अक्षता घेतल्या होत्या. मुलाचे काका आले.

"मामासाहेब, मुहूर्त टळतोय."

"टळू द्या," आप्पा म्हणाले. "तिची आई रस्त्यात आहे."

"अहो, मंगलाष्टकं चालू असताना आई तशीही बघत नाही. तुळशीला पाणी घालत बसते. कन्यादान मागाहून करू की."

"पाणी घालायला तरी यायला हवी ना ती."

काकांचा आवाज चढला. पाहुणे खोळंबलेत, पंगत थंड होतेय, याला जबाबदार कोण? आप्पा म्हणाले, "मी. माझ्या नावावर घाला. ती आल्याशिवाय मी मुलगी आणणार नाही." दाजी मध्ये पडले, त्यांनाही ते बधले नाहीत. आयुष्यात त्यांच्यामुळे कुठला कार्यक्रम खोळंबला असेल तर तो हा पहिलाच, आणि ते दारात असे ठाम उभे होते की मलाच भीती वाटायला लागली. शेवटी भटजींनी पंचांग उघडलं आणि थोडा पुढचा मुहूर्त काढून दिला.

दिवे लागता लागता व्हॅन आली. आक्का उतरल्या. केस विस्कटलेले, लुगड्याला धूळ, गुडघा धरत त्या पायऱ्या चढून आल्या. हॉलमध्ये सगळं शांत बघून त्यांचा चेहरा उतरला. "व्हई गयं का लगीन?" त्यांनी विचारलं.

"नाही गं," वर्षा म्हणाली. "मामांनी थांबवून ठेवलंय."

आक्कांनी आप्पांकडे पाहिलं. कालपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "चाल भाऊ. लई चाल पोरले." घेऊन चल पोरीला.

आप्पांनी शेजारच्या टेबलावरचा तांब्या उचलला, पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला. "पहिले पानी पी."

आक्का पाणी प्यायल्या. सावकाश, सगळा पेला. माइकवरून भटजी पुन्हा मामांना बोलावत होते, मुलाचे काका घड्याळ बघत होते, शेकडो माणसं मुठी आवळून उभी होती. आप्पा कुणाकडे बघत नव्हते. पेला रिकामा झाला तसा त्यांनी तांब्या वाकवला.

"आखो देऊ का, आक्का?"

त्यांनी मान डोलावली, आणि आप्पांनी पेला पुन्हा भरला.